ठमीच्या मापाचे कपडे

टेबलावरून शिलाई मशीनची बॉबिन पडली, खण्णकन आपटली आणि घरंगळत थेट कपाटाखाली गेली. दुपारभर मुकं बसलेलं घर तेवढ्याशा आवाजाने दचकलं. आरामखुर्चीत पेंगणाऱ्या सासूबाईंनी एक डोळा उघडला आणि काही जळलं नाही, सांडलं नाही, हे पाहून पुन्हा मिटला.

"थांब, मी काढते!" म्हणत खारू जमिनीवर पालथी पडली. कपाटाखालच्या वस्तू काढायचं खातं या घरात तिच्याकडेच होतं. हात बारीक, अंग चपळ, आणि सापडलेल्या प्रत्येक गोष्टीची चौकशी केल्याशिवाय सोडायची नाही. म्हणून तर बापाने तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली आणि पुढे ताई गळून नुसती खारू उरली.

"मिळाली. एक बटणपण मिळालं. आई, हे ठमीच्या डोळ्याचं का गं?"

आईने मशीनवरून मान वर केली. "नाही गं. कुणाच्या तरी शर्टाचं दिसतंय."

"मग तो शर्ट आंधळा झाला असेल."

एरवी ती हसली असती. आता तिच्या ओठांना हसायचं होतं, पण बाकीच्या चेहऱ्याने त्यांना साथ दिली नाही. खारूने ते पाहिलं आणि बटण गुपचूप डब्यात टाकलं.

ठमी मशीनशेजारी उताणी पडली होती. कापडाची बाहुली, आत कापूस, केस काळ्या लोकरीचे. एक डोळा बटणाचा आणि दुसरा काळ्या दोऱ्याने भरलेला, कारण त्या डोळ्याचं बटण खारूने कुठल्या तरी प्रवासात हरवलं होतं. त्यामुळे ठमी कायम एक डोळा मिचकावल्यासारखी दिसायची. आता तिच्या अंगात पांढऱ्या मलमलीचं झबलं होतं आणि डोक्याला लिंबाएवढी टोपी.

"हे शेवटचं ना?" खारूने विचारलं.

"शेवटचं."

"मग उद्या ठमी माझी?"

"उद्या दवाखान्यातला कार्यक्रम झाला की तुझी. पुन्हा मागणार नाही. देवाशपथ."

आईने शपथ घेतली म्हटल्यावर खारूचा प्रश्नच मिटला. ती उड्या मारत आजीला सांगायला गेली आणि आजीची उरलीसुरली झोपही संपली.

ठमी मुळात शिवली होती ती खारूसाठीच. आईच्या पोटात दुसरं बाळ होतं तेव्हा. ती घरीच अल्टरेशनची कामं करायची. पँटी आखूड करणं, झिपा बदलणं, सुटलेल्या पोटांसाठी कमरेत कापड सोडणं. तशाच एका कामातून उरलेल्या कापडाची ठमी झाली. खारूला सराव व्हावा म्हणून. "मान अशी धरायची, खाली तळहात असा. बाळ म्हणजे काही तुझा ससुल्या नाही, कान धरून फरपटायला." खारूने मनापासून सराव केला. बाळाने मात्र तिला परीक्षेला बसूच दिलं नाही. ते फार लवकर आलं. काचेच्या पेटीत काही दिवस राहिलं, आणि गेलं.

गेलं तेव्हा त्याच्या अंगावर घालायला काही नव्हतं. दुकानातलं सगळ्यांत लहान झबलं आणलं, तर बाळ त्यात दिसेनासं झालं. टोपी हनुवटीपर्यंत आली. शेवटी नवऱ्याने खिशातला रुमाल काढला. चार घड्यांचा, निळ्या काठाचा, त्या दिवशी दोनदा डोळे पुसलेला. सिस्टरने बाळाला त्यात गुंडाळलं आणि ते पुरलं. रुमालाचं एक टोक उरलंसुद्धा. गावभरच्या लोकांना मापात बसवणारी ती, तिचं लेकरू रुमालात गेलं. हे ती कुणाला बोलली नाही. पण त्या दिवसापासून निळ्या काठाचं कुठलंही कापड दिसलं की ती ते घडी घालून दूर सारायची.

मग एके दिवशी घर झाडताना तिने खाली पडलेली ठमी उचलली. सवयीने मानेखाली तळहात गेला. आणि ती तिथेच केरात बसली. माप तेच होतं, बाळाचं. डोळे फसतात, टेपसुद्धा सैल धरला तर फसवतो, पण शिवणाऱ्या बाईचा तळहात फसत नाही. डोक्यापासून पायापर्यंत, खांद्यापासून खांद्यापर्यंत, तेच.

"खारू," ती म्हणाली, "ठमीला थोडे दिवस मला देशील? शहाणी ना माझी?"

खारू शहाणी होती. सगळे तसंच म्हणायचे. बाळ गेलं त्या दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्या गालाला हात लावून म्हणायचा, "किती समजूतदार पोर, एकदाही रडली नाही." ते ऐकलं की खारू मान खाली घालून हसायची आणि आणखी थोडी शहाणी व्हायची. तिने ठमी दिली.

त्यानंतर कपडेच कपडे, दवाखान्यात वेळेआधी आलेल्या बाळांसाठी, जगणाऱ्या आणि जाणाऱ्याही. कसे शिवायचे ते बाळांच्या वॉर्डातल्या सिस्टरने समजावलं. गळ्यातून घालायचे नाहीत, कारण इतक्या लहान बाळाचा हात वर करता येत नाही. पसरायचे, बाळाला वर ठेवायचं आणि पुढे बंद बांधायचे. बटण नको, टोचतं. आणि शिवण बाहेरच्या बाजूला, कारण त्या कातडीला दोऱ्याचाही भार सोसत नाही.

"अगं, सगळी उलटी शिवलीस की!" पहिलं झबलं हातात घेऊन सासूबाई म्हणाल्या होत्या.

"उलटीच हवीत, आई."

"असू दे बाई. दैवच उलटं फिरलंय, तिथे झबल्याची काय कथा."

प्रत्येक झबल्यासोबत एक टोपी, एक चौकोनी दुपटं आणि एक लहानशी चिठ्ठी. चिठ्ठीत काय लिहायचं यावर तिने कागदांचा ढीग फाडला होता. भात शिजताना, खारू शाळेत असताना, कुणाच्या पँटीला टाचण्या लावून ठेवून ती लिहायची. धीर धरा, असं लिहिलं आणि फाडलं. तिला स्वतःला कुणी ते म्हटलं की त्या माणसाला जिन्यावरून ढकलावंसं वाटायचं. तुमचं दुःख मला कळतं, असं लिहिलं, तेही फाडलं. कारण खरं सांगायचं तर तिला स्वतःचंच अजून कळलं नव्हतं. शेवटी उरलं एवढंच : "हे अंगाला बरोबर बसेल." शिंपिणीने आणखी काय सांगावं?

खारूलाही या कामात एक वाटा मिळाला होता. संध्याकाळी मशीनवर कव्हर पडलं की ठमी थोडा वेळ तिची. मग ती ठमीला आईसारखंच दुपट्यात गुंडाळायची, बंद बांधायची आणि कपडे ठेवायच्या खोक्यात निजवायची. "तिथे ऊब असते," ती सांगायची, "आणि बाकीची बाळं पण असतात." बाकीची बाळं म्हणजे घडी घातलेली झबली. सकाळी आई खोक्यातून ठमीला काढून घ्यायची आणि काम पुढे चालू व्हायचं.

नवरा संध्याकाळी आला तो दारातच चप्पल भिरकावून. वाद्यांच्या दुकानात तो हार्मोनियम आणि पियानो सुरात लावायचं काम करायचा. कानाचा इतका तिखट की कुकरची शिट्टी बेसूर झाली तर जेवणावरून उठायचा, असं सासूबाई कौतुकाने सांगायच्या.

"काय झालं?" तिने विचारलं.

"आणखी एक हार्मोनियम परत आली. सुरातून उतरलीय म्हणे." तो खाली बसला. "मालक म्हणाला, गड्या, तुझ्या हातून गेलेलं प्रत्येक वाद्य हल्ली एका केसाने खाली असतं. कान दाखव कुणाला तरी."

"मग?"

"मग काय. मला माहितीय ना माझा कान कुठे जातो ते."

तिलाही माहीत होतं. काचेच्या पेटीशेजारचं, बाळाला श्वास देणारं मशीन दिवसरात्र एकाच सुरात वाजायचं. पहिल्या दिवशी तो तिला हसवायला म्हणाला होता, "सूर काळी दोनचा आहे बघ. जरा उतरलेला. बरं होऊन निघताना याला सुरात लावून देईन, फुकट." पुढे हसणं राहिलं. तो सूर मात्र त्याच्या कानात जाऊन बसला आणि बाकीचे सगळे सूर त्याच्याकडे तोंड करून बसू लागले. त्याच सुरावर त्याने एक चाल बांधली आणि तिने तिला शब्द दिले. वॉर्डातल्या सिस्टरांना ते अंगाईगीत इतकं आवडलं की आता त्या औषधं मोजतानाही ते गुणगुणायच्या.

"उद्या गायचंच का?" तो म्हणाला.

"हो म्हणालोय आपण."

"मला वाटलं होतं, गाणं केलं की ते डोक्यातून बाहेर पडेल. उलट भाडेकरूचा मालक होऊन बसलंय."

तिलाही वाटलं होतं की एवढी झबली शिवली की ते एक न शिवलेलं झबलं विसरता येईल. तसं काही होत नव्हतं. प्रत्येक झबल्याचा शेवटचा बंद शिवून झाला की ती एक क्षण थांबायची, आणि त्या क्षणात तो रुमालच असायचा. तरी ती पुढचं कापड ओढायची. थांबलं की काय होईल, याची तिला भीती होती.

सकाळी उशीर झाला. सकाळी उशीर होण्यासाठी जे जे घडावं लागतं ते सगळं घडलं : दूध उतू गेलं, नवऱ्याचा एक मोजा सापडेना, कार्यक्रम अर्धा तास आधी सुरू होणार असा फोन आला. खारू अजून झोपली होती. आईने रात्री शिवलेला शेवटचा जोड खोक्यात सगळ्यांत वर ठेवला, झाकणं मिटवली आणि चिकटपट्टी मारली. नवऱ्याने खोका खांद्यावर घेतला. ठमी मशीनशेजारी नाही हे तिच्या लक्षातच आलं नाही. आज ठमीचं काम नव्हतं.

वॉर्डाशेजारच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. सिस्टर्स, दोन-तीन डॉक्टर, पूर्वी इथून बाळं घेऊन गेलेले काही आईबाप. खोका सिस्टरने आत नेऊन ठेवला. मोठ्या डॉक्टरांनी भाषण केलं. माणूस भला होता, नजर हातातल्या घड्याळावर होती तरी भला होता. "या आईवडिलांनी," ते म्हणाले, "आपल्या दुःखाचं सोनं केलं."

टाळ्या वाजल्या. सोनं! तिच्या मनात आलं, सोनं अडीनडीला मोडता तरी येतं.

मग नवऱ्याने हार्मोनियमचा भाता सोडला आणि ती गायली.

मुठीएवढ्या बाळा, नीज,
दार मी लोटून घेते,
तुझ्या वाट्याचं जागरण
माझ्या डोळ्यांत ठेवते.

दुसऱ्यांदा धृपद घेताना कुणीतरी वॉर्डाचं दार उघडलं. आतल्या मशीनचा आवाज बाहेर आला आणि गाण्यात येऊन मिसळला. बरोब्बर सुरात. खोलीत कुणालाही काही वेगळं वाटलं नाही. लोकांना वाटलं असेल, वाद्यच वाजतंय. नवऱ्याची बोटं मात्र पट्ट्यांवर थिजली. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटले आणि उरलेल्या ओळी वाद्याशिवाय, त्या मशीनच्या साथीवर म्हणून टाकल्या. कुठेतरी कुणाचं तरी बाळ त्या आवाजाच्या दोरीला धरून होतं. थांबून चालणार नव्हतं.

टाळ्या ओसरल्या तेव्हा सिस्टर तिच्या कोपराशी उभी होती. चेहरा पांढराफटक.

"ताई, जरा आत येता? एकट्याच या."

चालता चालता सिस्टर हलक्या आवाजात सांगत होती. "आज सकाळी एक बाळ गेलं. बापाने नेलं त्याला. आईला अजून उठवत नाही, ती इथेच आहे. बाळाला घालायला काही राहिलं नव्हतं, तुमचा मागचा गठ्ठा संपला होता. ती सारखी म्हणत होती, त्याला काही घातलं नाही, काही घातलं नाही. मला वाटलं, एखादा जोड तिच्या हातात तरी द्यावा, जवळ ठेवेल. खोका उघडला. वरचा जोड उचलला तर खाली एक गुंडाळी होती. मी ती हातात घेतली मात्र... ताई, माझं काळीजच थांबलं. आणि तिने ती माझ्या हातातून घेतली."

कोपऱ्यातल्या पलंगावर एक बाई बसली होती. जेमतेम तिच्याच वयाची. केस विस्कटलेले, पायात एकच सपाता. छातीशी पांढरं दुपटं. दुपट्यातून लिंबाएवढी टोपी दिसत होती आणि टोपीखाली मिचकावलेला एक डोळा.

खारूने नेहमीसारखी गुंडाळली होती. मानेखाली घडी नीट, बंद बाहेरून, गाठ सैल. आईने शिकवली तशी.

बाई वेडी झाली नव्हती. तिला हे कापूस आहे हे कळत होतं. तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. पण तिचा तळहात मानेखाली होता आणि तो काही कबूल करायला तयार नव्हता. तिने वर पाहिलं.

"तुम्ही शिवलंत?"

"हो."

"बरोबर बसलंय," बाई म्हणाली. "एवढंच होतं ते. एवढंच."

आणि मग ती रडू लागली. आवाज असा की बाहेरच्या खोलीतल्या गप्पा थांबल्या.

सिस्टरने खारूच्या आईच्या कानाशी येऊन विचारलं, "हळूच काढून घेऊ का? जरा शांत झाली की? कुणाची तरी बाहुली असेल ना."

कुणाची तरी. तिला वाटलं, हो म्हणावं. माझ्या लेकीची आहे, मी शपथ घेतलीय, ती वाट बघतेय. शब्द सगळे तयार होते. पण तिला निळ्या काठाचं उरलेलं टोक आठवलं, आणि त्या दिवशी आपले हात घरी येईपर्यंत कसे रिकामे लोंबत होते ते आठवलं. पलंगावरच्या बाईचे हात भरलेले होते.

"नको," ती म्हणाली. "राहू दे."

परतताना रिक्षात नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दुसरी शिवू. अगदी तश्शीच. कळणारसुद्धा नाही तिला."

"असं म्हणू नकोस."

"का?"

"दुसरं होईल, वय काय गेलंय, असं म्हणणाऱ्यांना आपण काय म्हणालो होतो?"

तो रिक्षाबाहेर बघू लागला. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली.

खारू पायरीवर बसली होती. ऊन डोक्यावर आलं होतं. तिने केस विंचरून घेतले होते, म्हणजे आजीने विंचरले असणार, कारण भांग सरळ होता. शेजारी पायरीवर तिची स्वतःची उशी मांडलेली होती आणि उशीवर पंचा पसरलेला.

मागून सासूबाईंचा आवाज आला, "सकाळपासून दहा वेळा विचारून झालं तिचं. म्हटलं, बाई गं, ठमी परदेशात गेली नाहीये, तुझ्या आईबरोबर गेलीय."

"ठमी खोक्यातच राहिली होती ना?" खारू उठून उभी राहिली. "मला माहितीय. मी उठले तर खोकाच नाही. आजी म्हणाली, कार्यक्रम बघायला गेली असेल. गाणं आवडलं तिला? आण ना."

नवरा खाली मान घालून आत गेला. आई पायरीवर बसली, उशीला धक्का लागणार नाही अशी. खोटं बोलायच्या दोन-तीन चांगल्या वाटा होत्या. हरवली. धुवायला टाकली. पण या घरात एकदा मोठ्यांनी खारूला "बाळ उद्या घरी येईल" असं सांगितलं होतं, आणि खारूने त्या उद्याची पुष्कळ वाट पाहिली होती.

"खारू, ठमी नाही आणली मी."

"विसरलीस?"

"नाही. तिथे एक मावशी होती. तिचं बाळ आज सकाळी गेलं. आपल्या बाळासारखं. तिच्या हातात ठमी आली आणि मग तिला सोडवेना."

"मग तू माग ना."

"मला मागता नाही आली."

खारूने पंच्याची एक सुरकुती हाताने सपाट केली. मग दुसरी. "तिला सांगितलंस का, ठमी माझी आहे?"

"नाही सांगितलं."

"रात्री तिला टोपी काढून निजवायची असते. नाहीतर केस दुखतात."

"हो गं."

"हे पण नाही सांगितलंस?"

दुसरी शिवून देते, हे शब्द आईच्या जिभेवर आलेच होते. तिने दात आवळून ते मागे ढकलले. आतून हार्मोनियमचा एक सूर आला, लांबलचक. नवरा परत आलेलं, दुकानातून घरी आणलेलं वाद्य सुरात वर चढवून पाहत होता. सूर वर जाई आणि हळूच पुन्हा खाली येऊन बसे.

"ती मावशी रडत होती?"

"हो."

"खूप?"

"खूप."

खारूचा खालचा ओठ थरथरला. तिने तो वरच्या दातांखाली दाबून धरला, अगदी घट्ट, जसं ती गेले कित्येक महिने धरत आली होती आणि कुणी पाहिलं नव्हतं. ओठ थांबला. डोळे कोरडेच राहिले. शहाणी पोर. मग तिने मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता, फक्त एखादा हिशेब चुकला की काय हे पडताळून पाहणाऱ्या माणसाची काळजी होती.

"आई," तिने विचारलं, "मी पण तेवढी रडले असते, तर ठमी माझ्याकडेच राहिली असती का?"